शून्यं कमी पडली तेव्हा

गणपती पेठेतल्या आमच्या छापखान्यात
बारा पॉइंटाची शून्यं होती साठ-सत्तर.
लग्नपत्रिकेला पुरत, हँडबिलाला पुरत.
मगदूम सरांच्या पुस्तिकेला
तिसऱ्याच पानावर संपली.

निम्मी आधीच अडकलेली
मार्केट यार्डाच्या पावतीपुस्तकात,
हळदीच्या भावापुढं, हमालीपुढं, तोलाईपुढं.
तो फर्मा सुटायला सोमवार उजाडणार.

म्हटलं, सर,
सूर्याला सात लावली, मित्र ताऱ्याला तेरा,
आता देवयानीला अठरा मागताय.
आणू कुठनं?

सर चष्मा पुसत राहिले.
शाळा सुटून चार वर्षं झाली तरी
सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा.
म्हणाले, इलाही, खरं सांग,
एकेक शून्य तू बोटांनी जुळवलंस.
काय कळलं?

बोटं दुखतात, म्हटलं. एवढंच कळलं.

कागदाच्या रिमावर बसून त्यांनी
आख्खं पान खोडलं.
मग आठवडाभर फिरकले नाहीत.

आले ते धोतराला पिवळे डाग घेऊन.
नव्या पानावर लिहिलेलं:
हरिपूरला पेव उघडतात ते पाहून या.
आधी दोरीनं कंदील सोडतात.
तो विझला नाही, तरच माणूस उतरतो.
वर येते ती हळद आजची नसते.
ज्यानं भरली तो आहे की गेला,
तिला काही ठाऊक नसतं.
वास मात्र आत्ता येतो.
व्याधाचा उजेड असाच,
साडेआठ वर्षांमागं भरलेला.

खिळे उलटे वाचायची मला सवय,
उजवीकडून डावीकडं, आरशातल्यासारखं.
चोवीस वर्षं जुळवत आलो, वाचलं कधीच नाही.
त्या दिवशी 'साडेआठ'पाशी हात थांबला.
आमची जुबेदा तेवढीच.

रात्री तिला माडीवर नेलं.
नदीपलीकडं, उसाच्या वर,
निळसर, लुकलुकत होता तो.
म्हटलं, बघ, तू झालीस तेव्हा निघालाय,
आत्ता पोचतोय.
ती म्हणाली, मग दमला असंल की.

सकाळी सरांना सांगितलं.
हसले नाहीत. म्हणाले, उजेड दमत नाही.
मग बराच वेळ खडू फिरवत बसले बोटांत.
पण पसरतो, म्हणाले. पातळ होत जातो,
म्हणून एवढा मोठा तारा एवढासा दिसतो.
हे घाल शेवटी. आणि पोरीला सांग,
प्रश्न बरोबर होता.

पहिल्या छपाईत शाई फुटली,
दीडशे कागद रद्दीत गेले,
तिथनं भडंगवाल्याकडं.

चौथ्या दिवशी दारात बसगोंडा,
यार्डातला हमाल. पाठीवर पोत्याचा वळ,
हातात तेलकट तुकडा,
त्यावर अंगठ्याचा हळदी ठसा.
म्हणाला, 'वास मात्र' इथं फाटलंय.
पुढचं पाहिजे.

मी पुस्तिका दिली.
उभ्यानंच वाचली त्यानं, ओठ हलवत,
एका ओळीला मागं जाऊन दोनदा.
मग उलटी करून किंमत पाहिली.
रुपये १.५०.
आठ पानांत तेवढं एकच शून्य.

पैसे मोजून ठेवले आणि तिथंच घुटमळला.
काय रे?
न्हाई, म्हणाला, पेवाचं बरोबर लिवलंय.
माझा बाप उतरायचा.
पर ताऱ्यात आदी कंदील कुणी सोडला,
ते न्हाई दिलं.

सर आत प्रूफं बघत होते.
मी हाक मारली.
पान वाढणार होतं बहुतेक.
फर्मा आठाचा,
नववं कुठं बसवायचं ते नंतर बघू.