इतिवृत्त

सभा जिममध्ये भरली, कारण बोर्डाच्या खोलीत
चाळीसच खुर्च्या मावतात.
बास्केटबॉलच्या कड्याखाली नऊ सदस्य,
मधोमध अधीक्षक, डॉक्टर प्रुएट.
येऊन दीड वर्ष झालं, अजून
आमच्या गावाचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नाही.
मी कडेला, पिवळी वही घेऊन.
मी नोंद घेते. मत देत नाही.

पडद्यावर सूत्र आलं.
इतके टक्के परीक्षा, इतके टक्के प्रगती,
उरलेले त्या माणसाचे, जो मागच्या बाकावर बसून
वीस मिनिटांत
चौदा चौकटींत खुणा करतो.
सगळ्याचा मिळून एक आकडा.
आकड्याला दशांशसुद्धा.
दशांश पाहून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
मी लिहिलं : सादरीकरण झाले.

बँडचे मास्तर ट्रॉय फुझेलिये उठले.
उभ्या जन्मात त्यांनी कुणाला बाराखडी शिकवली नाही,
पण त्यांना तोललं होतं
शाळेच्या वाचनाच्या गुणांवर.
म्हणाले, माझा ट्यूबा चांगला वाजतो,
वाचत मात्र नाही, कबूल.
मी लिहिलं : एका शिक्षकाने शंका उपस्थित केली.

व्हर्लीन बतीस्त. दुसरीचा वर्ग, एकतीस वर्षं.
एक्केचाळीस पूर्णांक सहा. शेरा : अप्रभावी.
ती आलीच नव्हती.
तिच्या वाटचं बोलायला उठला आल्सीड व्हर्डिन,
सतरा नंबरच्या बसचा ड्रायव्हर,
टोपी हातात, टोपीला डिझेलचा वास.

हिरवा दिवा. तीन मिनिटं.

"वादळाआधी कोळंबीच्या धक्क्यावर
पाच पोरं चढायची. आता एक.
साखर कारखान्याच्या फाटकाशी तीन, आता एकही नाही,
तरी मी तिथं ब्रेक दाबतो, पायाला सवय.
बाईंच्या वर्गात सप्टेंबरात चोवीस होती.
मार्चात सतरा, त्यातली नऊ नवी.
तुम्ही परीक्षा कुणाची घेतलीत, साहेब?"

पिवळा.

"एक नवा पोरगा होता. छपराच्या जागी निळी ताडपत्री.
तो बसमधून उतरेचना.
बाई रोज सकाळी बसमध्ये चढायच्या,
त्याच्या शेजारी बसायच्या.
पाट्या वाचायचे दोघं काचेतून.
थांबा. हळू. पुढे पूल"

लाल. माइक बंद.
आल्सीड बोलतच राहिला, ओठ हलताना दिसले.

रांगेतली पुढची बाई, लिएन डोआन,
जाळी विणून बोटं चिरलेली,
माइकपाशी आली. म्हणाली,
माझी तीन मिनिटं त्याची.
तिच्यामागचा म्हणाला, माझीही.
रांगेच्या शेवटी पोर कडेवर घेतलेली एक मुलगी
हात वर करून उभी, माझीही.
अध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं.
वकिलाने नियमावली चाळली, पुन्हा चाळली.
नियमावलीत उदारपणाबद्दल काही नव्हतं,
ना बाजूने, ना विरोधात.

"पुढे पूल बंद," आल्सीड म्हणाला,
आणि टोपी घालून खाली बसला.
उरलेली मिनिटं
तशीच पडून राहिली जिमभर.

मग मतदान. पाच विरुद्ध चार.
अधीक्षकांचा करार तीन वर्षं वाढला,
सूत्रही तेच.
लोक गेले नाहीत लगेच.
खुर्च्या मिटण्याचा आवाज
कितीतरी वेळ येत राहिला, मुद्दाम आपटल्यासारखा.

मी लिहिलं : ठराव मंजूर.
अक्षर बरं आहे माझं, सगळे म्हणतात.
मी डावखुरी. पहिलीभर शाई फासली तळहाताला,
शब्द पुसत पुसत लिहिले.
दुसरीत कुणीतरी माझा कागद
उजवीकडे तिरका करून दिला,
एवढंच, आणि पुढच्या बाकाकडे गेलं.

वही अजून तिरकीच ठेवते.
अध्यक्षांनी परवा विचारलं होतं,
सरळ का नाही ठेवत?