दगूच्या जागी दगड

ही होडी सरळ कधीच नव्हती.
सागाची, जुनी, पण डाव्या अंगाच्या दोन फळ्या
पुराच्या वर्षी बाभळीच्या बसवल्या,
आणि बाभूळ पाणी पिते, सांगत नाही.
पावसाळा सरता सरता
डावी कूस बोटभर खाली.
नवा माणूस बघून म्हणतो, बुडतेय का?
बुडत नाही. एका कानानं ऐकते, एवढंच.

बावीस वर्षं तिला सरळ धरली ती दगूनं.
नाळेजवळ, उजव्या अंगाला, एक मांडी घालून,
बासष्ट किलो.
सोसायटीच्या काट्यावरून रोहूचे कॅरेट उतरल्यावर
एकदा तो स्वतःच चढला होता गमतीनं,
आणि नाना गांगुर्डेनं वहीत मांडलंही होतं:
दगू, एक नग, बासष्ट.

आता तो सातपूरला, कंपनीच्या गेटवर.
खुर्ची, शिट्टी, ठरल्या तारखेला पगार.
वाईट काय त्यात.
मी पहिल्या दिवशी एकटा गंगापूरच्या पाण्यात उतरलो
आणि होडीनं नाक वर केलं,
ढुंगण टेकलं,
वल्हं मारावं तसतशी डावीकडे गोल गोल,
घाण्याच्या बैलासारखी.

मग वजनं सुरू झाली.
आधी पाण्याचा कॅन, वीस लिटरचा, अर्धा.
अर्धा हीच चूक.
होडी कलली की आतलं पाणीही कलतं;
कलणाऱ्याला साथ द्यायला
पाण्याइतकं तयार कोणी नाही.
मग वाळूची गोणी. ती भिजली, फाटली.
तळात वाळू, उपसायच्या डब्यात वाळू, भाकरीत वाळू.
मग सुनेचा भाऊ, तुषार.
वजन बरोबर, पण मोबाईलला रेंज जिकडे
तिकडे सरकायचा.

उन्हाळ्यात धरण मागे हटलं,
गंगावऱ्ह्याच्या अंगाला चिखल उघडा पडला,
त्यात एक दगड. घडीव, मधे झिजलेला,
कुणाच्या तरी उंबऱ्याचा असावा.
तिघांनी उचलला.
पोत्यात गुंडाळून नायलॉननं आवळला,
सुटा दगड लाटेत तळ फोडतो.
पहिल्यांदा फार पुढे बसला, नाळ पाण्यात तोंड घालू लागली.
वीतभर मागे घेतला.
मग चार बोटं उजवीकडे.
तळातलं वाटीभर पाणी मुद्दाम उपसलं नाही,
ते कुठं जमतंय बघत
त्यालाच विचारत गेलो.
तिसऱ्या दिवशी ते बरोबर मधे थांबलं
आणि त्यात आभाळ दिसलं, न हलता.

झालं म्हणालो. झालं नव्हतं.
जाळं ओढायला मी डावीकडे वाकतो
तेव्हा दगू, न बोलता,
बूड उचलून उजव्या कडेवर टेकायचा.
बावीस वर्षांत मी त्याला एकदाही सांगितलं नाही,
ते होतंय हेही माझ्या ध्यानात नव्हतं.
दगड वाकत नाही.
बोट क्लबची मोटर फेस काढत गेली,
मागून लाट आली,
मी कटल्यासकट अर्धा बाहेर,
आणि दगड आपला बसलाय, ओल्या पोत्यात, शहाण्यासारखा.
आता मी कमी वाकतो.
जाळं थोडंथोडं घेतो. वेळ लागतो.

परवा रविवारी दगू आला.
चल म्हणाला, बघू तुझी सवत.
दगड काठावर काढून ठेवला,
तो आपल्या जागी बसला, तीच मांडी,
आणि होडी उजवीकडे कलली!
खुर्चीनं पोट दिलंय त्याला.
काट्यावर चढ म्हटलं तर हसायला लागला,
हसण्यानं आणखी हलली.
सरक, म्हणालो. किती? बोटभर. अजून. हां.

अंधार पडता पडता जाळं ओढलं.
मी वाकलो.
होडी हलली नाही.

जाताना त्याला दोन मरळ दिले, पिशवीत,
आणि दगड उचलायला हात लाव म्हणालो.
उद्या सोमवार.