रकाना क्रमांक एकोणीस

दिल्लीहून फॉर्म आलाय, बेचाळीस पानी.
सुट्टीतच भरायचाय, सोमवारच्या आत.
रकाना एकोणीस: शाळेत टॅबलेट आहेत का?
हो किंवा नाही. तिसरं काही
लिहूच देत नाही.

आहेत. अकरा.
लोखंडी कपाटात, मागच्या मार्चपासून.
चावी उद्धवच्या करदोड्याला,
उद्धव पोंभुर्ण्याला, साळीच्या लग्नात.
स्मार्ट बोर्डावर प्लास्टिक अजून तसंच.
कोणी तरी नखानं एक कोपरा सोललाय,
तेवढ्यात खिडकी दिसते,
खिडकीत टोऱ्यांनी लदलेला मोह.
मी 'हो' वर टिचकी मारतो.

रकाना सव्वीस: बारावीतले किती विद्यार्थी
महाविद्यालयासाठी सज्ज आहेत?
टक्केवारी लिहा.

काल आचल सिडामचा प्रवेश अर्ज भरला,
तलावाच्या पारेवर, गेटाजवळ,
तिथंच दोन काड्या रेंज.
नंबर बाबाचा. बाबा तेंदूच्या फळीवर.
ओटीपी गेला तिकडे,
दहा मिनिटांत मरणारा.
बाबाला अक्षर येत नाही, आकडाही नाही.

पहिला मेला. दुसराही मेला.
तिसऱ्याला फोन आला, धापा टाकत:
"पोरी, उलटी खुर्ची हाये.
मंग इळा. मंग अंडा. आनखी अंडा.
मंग उभी काडी.
अन् हे... हे डमरू हाये, डमरू!"

चार सात शून्य शून्य एक आठ.
पान उघडलं.
कॉलेजांची यादी खाली सरकता सरकेना.
आचल म्हणाली, "सर, यातलं होस्टेल कोनाले हाये,
तेवढंच सांगा. बाकी मी पाह्यतो."

सव्वीस नंबर कोराच आहे.
पुढं जाऊ देत नाही. म्हणून सत्तर लिहिलं.
का सत्तर, मलाही माहीत नाही.

आता सबमिट दाबलं,
तर मलाच ओटीपी!
मोबाईल डोक्यावर धरून निघालो पारेकडे.

आचल तिथं आधीच.
पाणी हटलेल्या गाळात चार आया उकिडव्या बसलेल्या,
प्रत्येकीच्या पदरात एकेक फोन,
ती काडीनं रेघा ओढतेय:
ही खुर्ची. हा इळा. हे आपलं डमरू.

"अन् हा वं?" एकीनं विचारलं. पाच होता.
आचल अडली. काडी थांबली.

तर मागून कोणी तरी, पदर तोंडात धरून:
"हे पोटुशी बाई नोहे का!"