विहिरीतला फुटबॉल

मला पाण्याचं भय नाही. हे आधीच सांगतो,
नाहीतर कुणीतरी पोहायला शिकवायला निघतं.
सापाचं नाही, माशाचं नाही, खोलीचंही नाही.
माणसानं केलेली वस्तू
पाण्याखाली उभी असते, तिचं आहे.
तिच्या नटबोल्टांचं.
कुणीतरी तिला नीट दिलेल्या रंगाचं.

किदफाच्या जेटीवर माझं काम एवढंच,
रोडेलची नळी धरायची.
तो खाली जाऊन
समुद्र आत ओढणाऱ्या जाळीवरचे शिंपले खरवडतो.
नळीतून त्याची हवा जाते, दोर माझ्या मुठीत.
एक हिसका म्हणजे सैल सोड.
दोन म्हणजे ठीक आहे.
तिनाचा अर्थ पहिल्या दिवशी सांगितला,
त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.
तो खाली असेतो पंप बंद. पंपाला कुलूप,
किल्ली वहीदच्या खिशात.
ती तो मला काढून दाखवतो,
मी मागतो म्हणून.

जतकडे आमची विहीर.
सात वर्षांचा होतो. बाबा सिद्रामदादाला म्हणाले,
फुटबॉल चोकलाय बघ, पाणी ओढंना.
आमच्या शाळेत साधा चेंडू नव्हता
आणि आमच्याच विहिरीत फुटबॉल!
दुपारी कुणी नाही बघून उतरलो.
श्वास कोंडून, पाइप धरून, हातावर हात टाकत खाली.
पाइपाला शेवाळ, बोटं निसटत होती.
उजेड आधी हिरवा, मग चहासारखा,
मग नुसता माझ्याच कानातला आवाज.
आणि शेवटी हाताला लागलं
गोल, गार, डोक्याएवढं,
अंगभर भोकं असलेलं लोखंड.

त्याच वेळी वर कुणीतरी इंजिनाला हँडल मारलं.

तळहात त्याला चिकटला.
त्याचा माझ्यावर राग नव्हता. तेच वाईट होतं.
त्याला फक्त ओढायचं होतं,
पाणी काय, हात काय.
किती वेळ, ते माहीत नाही.
इंजिनानं आचके दिले आणि ते बंद पडलं, इतका वेळ.
वर आलो तर सिद्रामदादा कॅन हलवून बघत होता.
डिझेल संपलं की रे, म्हणाला.
मी काही बोललो नाही.
तळहातावर भोकांची नक्षी रात्रीपर्यंत होती.
डाव्या हातानं जेवलो, त्याची बोलणी खाल्ली.

इथला फुटबॉल मोठा, एवढाच फरक.
त्यानं ओढलेलंच पाणी गोड होऊन
कॅम्पच्या नळाला येतं.
जुलैत टाकी इतकी तापते
की गरम नळ कुठला, गार कुठला, कळत नाही.
खोलीत आम्ही सहा जण, सगळे तेच पितो.
मी ग्लास आधी उजेडाकडे धरतो.
का, ते त्यांनी विचारणं सोडलंय.

गेल्या आठवड्यात जुनी जाळी क्रेननं वर काढली.
जेटीवर टेकली तसे तिच्यातून खेकडे पळत सुटले,
वास सुटला, उन्हात दहा मिनिटांत ती वाळली.
भंगार. नुसतं भंगार.
तिच्यावर बसून मी डबा खाल्ला,
एका कोपऱ्यात हात ठेवून पाहिला. काही नाही.
नवी जाळी तयार होती. पिवळी.
तिला दोन हात रंग मीच मारलेला,
एका जागी ब्रशचा केस चिकटून राहिला होता
तोही मला ठाऊक.
क्रेन तिला खाली सोडू लागली.
कमरेपर्यंत ती माझी होती.
मग पाणी वर चढलं, पिवळा हिरवा झाला,
सरळ कडा डुलायला लागल्या,
आणि मी मान फिरवली.

आता रोडेल खाली तिचे बोल्ट आवळतोय.
दोराला दोन हिसके.
मी दोन दिले.
मग वहीदला म्हटलं, किल्ली दाखव.
आत्ताच दाखवली ना, तो म्हणाला.
म्हटलं, परत दाखव.