पायपेटीखाली

रूथबाई अमोलिकांचे गुडघे गेले
त्या वर्षी मला नोकरी लागली.
वय दहा. पगार दर रविवारी एक केळं
आणि नाताळात नवी चड्डी.
काम असं: बाई वर बोटं चालवणार,
मी खाली फरशीवर उकिडवा बसून
दोन्ही हातांनी पायपट्ट्या दाबणार,
डावी, उजवी, डावी,
भाता फाटेल इतक्या जोरात नाही,
गीत अर्ध्यात मरेल इतकं हळूही नाही.

म्हणून वेंगुर्ल्याचं आमचं चर्च
मी गुडघ्यापर्यंतच पाहिलंय.
वरची रंगीत काच इतरांची.
माझ्या वाट्याला बाईंची सुजलेली पावलं,
निलगिरीच्या तेलाच्या वासाची,
गायनमंडळाच्या बाकाखाली
योसेफ कंपाउंडरच्या बुटांना चिकटलेली बंदरावरची वाळू,
आणि पांढऱ्या झग्याच्या काठाखालून डोकावणारी
पारधेसाहेबांची चप्पल,
अंगठा तांब्याच्या तारेनं शिवलेला.
तीन गावांची उपासना तीच चप्पल करायची:
सकाळी आमच्याकडे, दुपारी शिरोड्याला,
आणि तिसरीकडे ओहोटी असेल तरच.

साहेबांना शब्द होते. सूर नव्हता.
त्यांना ते ठाऊक होतं.
गीत सुरू झालं की नुसते ओठ हलवायचे.

पेटीला खारी हवा लागलेली.
मधल्या सप्तकातला गंधार
माझ्या आधीपासून मुका.
ती पट्टी दाबली की नुसती हवा यायची,
झोपलेल्या म्हाताऱ्याच्या नाकातून यावी तशी.
आणि मंडळीनं, कोणी न सांगता,
तिथे थांबायची सवय लावून घेतली होती.
जिन्याची एक पायरी तुटलेली असली
की घरातली माणसं अंधारातही ती ओलांडतात, तसं.

मग कोल्हापूरहून पत्र आलं:
बिशपसाहेब येणार, बारा मुलांचं दृढीकरण.
बाईंनी तातू मेस्त्रीला बोलावलं.
दिवसा दारं-खिडक्या, रात्री भजनाची पेटी, असा माणूस.
त्यानं पितळी पातं काढलं, जिभेला लावलं.
"मीठ बसलाहा, बाई. दर्यान खाल्ल्यान ह्येका."
चौथ्या दिवशी परत आला. पैसे घेईना.
"माका फकत एकदा वाजवूक देवा."
मी भाता दिला.
रिकाम्या चर्चमध्ये त्यानं एक गजर लावला,
झांजा नव्हत्या, मी टाचेनं ताल धरला.
बाईंनी उठून दार लोटून घेतलं
आणि तिथेच पाठ टेकून ऐकत राहिल्या.

रविवार.
बिशपसाहेबांचे बूट इतके चकचकीत
की त्यांत मला पेटीचा तळ दिसत होता, आणि मी.
दुसरं गीत. तिसरी ओळ.
आला.
कोण जाणे किती वर्षांनी गंधार आला,
पितळी, गरम, जरा उद्धट,
आणि त्याला घ्यायला कोणीच नव्हतं.
साठ तोंडं सवयीनं मिटलेली.
फक्त एक आवाज, जाडाभरडा,
सुराच्या शेजारच्या गल्लीत शिरलेला,
पूर्ण ताकदीनं.

मला वरचं दिसत नव्हतं.
पण तारेच्या चपलेची टाच रिकामी होती:
साहेब चवड्यांवर उभे होते.
योसेफचे बूट एकदम स्तब्ध.
बिशपसाहेबांचा उजवा बूट किंचित वळला.
रूथबाईंनी तो सूर लांबवला.
वहीत तसं लिहिलेलं नव्हतं.
मी दाबत राहिलो.
खांदे भरून आले तरी.

आता विजेचा कीबोर्ड आहे, पट्टी मुकी पडत नाही.
साहेब सुरूच्या बनामागे निजलेत,
बाई त्यांच्या चार दगड अलीकडे.
तातूच्या नातवाचं फर्निचरचं दुकान आहे.
तिसरी ओळ आली की आम्ही सात-आठ जुने
अजून तोंड मिटतो.
मुलं विचारतात, इथे का थांबता?
श्वास घ्यायला, मी सांगतो,
आणि मांडीवर तळवे आपोआप,
डावा, उजवा.