उंची

रात्रीचा फोन उचलताना मी हॅलो म्हणत नाही.
दुकानाचं नावही सांगत नाही.
ते शटरवर आहे, नंबरासकट, लाल रंगात,
आणि ज्यानं नंबर फिरवलाय
त्याला बाकी सगळं कळून चुकलेलं असतं.
मी विचारतो : उंची किती?

एत्तर एष्टु. एत्तु एंता.
या गावात तिन्ही भाषांत विचारावं लागतं,
उत्तर मात्र एकच येतं :
एवढे.
फोनवर. रात्री दोन वाजता.
पलीकडे कुणीतरी हवेत हात धरून उभा असतो
आणि मी इकडे अंधारात
तो हात बघत राहतो.

एकाच घरात चाळीस वर्षं जेवलेली माणसं,
बापाची उंची कुणाला ठाऊक नसते.
माझ्या कानाला लागायचे, म्हणतात.
न्हाणीच्या दारातून वाकून यायचे, म्हणतात.
मी लांब बांबू टाकतो गाडीत
आणि करवत बरोबर घेतो.

दुसरा प्रश्न : निजवायचं की बसवायचं?
लिंगायताच्या घरी तिरडी नाही.
तिथं लाकडी मखर, भस्म, बेल,
आणि मान सरळ राहावी म्हणून मागून एक पट्टी,
हारांत झाकून जाते ती.

एप्रिल लागला की तिसरा :
मुलगा कुठून निघालाय?
पुण्याहून असेल तर दोन लाद्या,
दुबईहून असेल तर पेटी.
बर्फाच्या कारखान्यात पहाटे
रसवंतीवाला आणि मी शेजारी उभे असतो.
तो म्हणतो, तुम्ही घ्या आधी.
मी म्हणतो, घे बे,
माझ्या गिऱ्हाइकाला घाई नाही.

साखर पेठेत कनकय्या येमूल गेले तेव्हा
उंची त्यांच्या बायकोनं सांगितली,
पाच फूट तीन, चटकन, पदर न सावरता.
मडकं ठेवलं, गोवऱ्या मोजल्या,
सुतळी सोडली, तिरडी बांधली.
मग कापड उलगडलं.
नरसूबाईनं ते चिमटीत धरलं,
विड्या वळून पिवळी पडलेली बोटं.
हे आमच्यातलं नाही, म्हणाली.

मला वाटलं जातीचं म्हणतेय.
ती मागाचं म्हणत होती.

गठ्ठ्यावर मालेगावचा शिक्का.
बारा वर्षं मी तेच आणतोय, स्वस्त पडतं,
आणि कुणी कधी उलटून बघितलं नव्हतं.
एक्केचाळीस वर्षं टॉवेल विणले ह्यांनी, म्हणाली,
परदेशातल्या हॉटेलांत लोक अंग पुसतात.
पुढचं बोललीच नाही.
आतल्या खोलीत गेली.
मागावर पांढरं अर्धं राहिलं होतं,
मंगळवारी थांबलं होतं तिथंच.
पात्यानं कापून आणलं तिनं.
पुतण्या म्हणाला, काकू, गाडी उभी आहे.
भजनवाल्यांनी टाळ खाली ठेवले.

ट्यूबलाइटखाली धरून बघितलं तिनं,
जसा व्यापारी बघतो, नव्हे, त्याहून कडक.
एक धागा तुटला होता.
बसली. भिंतीला पाठ लावून, चष्मा वर ढकलून
धाग्याला धागा लावला, चुटकीसरशी गाठ मारली,
उरलेलं टोक दातानं तोडलं.
आता घाला, म्हणाली.

जाड होतं. कडेला दबत नव्हतं.
सुतळीखालून दोनदा निसटलं.
चौकात खांदा बदलताना मी बघितलं,
पायाशी एक दशी वाऱ्यावर हलत होती
आणि मी ती आत खोचली नाही.
बिलात ‘कापड २२०’ खोडलं.
पुतण्यानं कारण विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं.
मागच्या दारी पाण्याची बादली, नेहमीसारखी,
आणि बायको, टॉवेल घेऊन, चार हात लांब,
आंघोळ होईपर्यंत शिवायचं नाही म्हणून.
तांब्या डोक्यावर ओतता ओतता विचारलं,
तुझी उंची किती गं?

तिनं टॉवेल तोंडावर फेकला.
आधी अंग पुसा, म्हणाली.