चार गोष्टी, एक साडी

चार गोष्टींचा एक सिनेमा.
बजेट अठरा हजार चारशे,
त्यात लोकचंदच्या दोन बोकडांचे पैसे,
माझ्या रिचार्जच्या दुकानातले सहा हजार.
चारही गोष्टींत भूत एकच,
वनमाला शेंडे, आमच्या गावची आशाताई,
कारण पांढरी साडी एकच होती.

पहिल्या गोष्टीत ती बोडीतली परेतीण,
दुसरीत राईस मिलच्या कोंड्यात पुरलेली सून,
तिसरीत शेवटच्या एसटीची एकटी प्रवासी.
एसटी मिळाली नाही. निवारा मिळाला.
चौथी अजून लिहून व्हायची होती.

रक्त होमराज करायचा:
गुळाचा पाक, कुंकू, चिमूटभर कॉफी.
टॉर्चच्या उजेडात मस्त चमकायचं
आणि दहा मिनिटांत मुंग्या.
प्रेत झालेला टिकाराम मडावी
मुंगी कानात शिरेपर्यंत हलला नाही.
तो शॉट आम्ही तसाच ठेवला.
एवढ्या पैशात मुंग्या कोण देतं?

खरी भीती वेगळी होती.
त्याच आठवड्यात नाल्यापलीकडे
वाघानं मोहाखाली गाय पाडलेली.
वनविभागाची गाडी भोंग्यावरून सांगत फिरायची,
दिवस बुडाल्यावर एकट्यानं बाहेर पडू नये.
म्हणून पॅकअप झालं की
भुताला घरी सोडायला चार माणसं लागायची.
दोघं पुढे, दोघं मागे, काठ्या,
एकाच्या हातात वाजवायला थाळी,
आणि मधोमध केस सोडलेली परेतीण,
काजळ गालावर ओघळलेलं,
"जवळ जवळ चाला ना बा," म्हणत.

तिसऱ्या गोष्टीच्या मध्येच फोन वाजला.
मी टॉर्च तिच्या हनुवटीखाली धरून बसलेलो.
नव्या टोलीवरची पोर, नववा लागलेला, कळा सुरू.
१०८ला अर्धा तास तरी लागणार.
वनमालाबाई उठल्या.
"साडी?" होमराज म्हणाला.
"साडीच आये," त्या म्हणाल्या, "कफन नाही."
आणि टिकारामच्या मागे बसल्या,
कपाळाला कोळसा, ओठाखाली गूळ,
तो जंगलाच्या रस्त्यानं हॉर्न दाबून धरत गेला.

पुढचं त्यानं सांगितलं.
दार उघडलं तशी सासू मागच्या मागे बसली.
पोरीनं एकदा डोळे उघडून पाहिलं
आणि मनगट धरलं, ते सोडलंच नाही.
कळा असल्या की समोर कोण कसं आलंय
हे बघायला माणूस जागेवर नसावा.
गाडी पोचायच्या आत मुलगी झाली.
वनमालाबाईंनी तिला पदरातच घेतलं.

साडी त्यांनी दोनदा धुतली,
आधी निरम्यानं, मग लिंबानं.
दुसरी घ्यायला पैसे नव्हते.
चौथी गोष्ट त्याच साडीत केली,
पोटापासून पदरापर्यंत तो डाग घेऊन.
तीन रात्री शूटिंग चाललं.
त्या डागावर एक मुंगी आली नाही.

मंडईच्या दिवशी, दंडार उठल्यावर,
मिलच्या भिंतीवर सिनेमा लावला.
बोडीतून परेतीण वर आली
तर पोरं ओरडली, "आशाताई, गोळ्या द्या!"
म्हातारे खोकून खोकून हसले.
मुंग्या टिकारामच्या कानाकडे निघाल्या
तेव्हा तेवढी सगळी मंडई गप्प.

चौथ्या गोष्टीत साडीचा पदर जवळून आला
आणि मागून कोणीतरी म्हणालं,
"पैले रगत बरं होतं रे.
हे तं चाय सांडल्यावानी दिसते."
टाळ्या पडल्या.
मी वनमालाबाईंकडे पाहिलं.
त्या कागदातली भजी खात होत्या.
"बराबर बोलते तो," म्हणाल्या.

त्या रात्री सगळे एकत्रच परतलो,
नव्या टोलीचे, गावातले,
हसलेले आणि न हसलेले, काठ्या घेऊन.
थाळी वाजवायची पाळी
भुताची होती.